तार आधी काढ, नोकरीचं नंतर ठरवू

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

काका, मी हिंगोली जिल्ह्यातला, वय २६. चाकणजवळ पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. तीन वर्षं हेल्पर होतो, आठ महिन्यांपासून पंचिंग मशीनवर ऑपरेटर आहे. पगार १६ हजार. मशीनच्या सेफ्टी पट्टीचा स्विच सारखा ट्रिप होतो म्हणून तो तारेने बांधून ठेवलाय. गेल्या महिन्यात शेजारच्या मशीनवरच्या माझ्या मित्राची दोन बोटं गेली. त्याच्या मशीनचाही स्विच बांधलेलाच होता. सुपरवायझर म्हणतात, ‘लक्ष देऊन काम कर, काही होत नाही.’ पण आता शीट टाकताना माझा हात थरथरतो. घरी काही सांगितलेलं नाही. गावाकडे द्रोण-पत्रावळीचं मशीन टाकावं असं मनात आहे. एक पार्टी मशीन देते आणि तयार मालही तीच घेते. साडेतीन लाख लागतील, वडील शेत गहाण ठेवायला तयार आहेत. नोकरी सोडू का? नाव छापू नका.

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि रात्री पुन्हा काढलं. पगार, मशीन, शेत हे सगळं सविस्तर लिहिताना मधेच तू एक ओळ लिहून गेलास, शीट टाकताना हात थरथरतो म्हणून. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

त्याची लाज वाटून घेऊ नकोस. मित्राचं रक्त डोळ्यांदेखत सांडल्यावर दुसऱ्या दिवशी तसल्याच मशीनपुढे जो निवांत उभा राहतो, त्याची मला जास्त काळजी वाटते. पण थरथरत्या हाताने पंचिंग चालवायचं नसतं, हेही लक्षात घे. ते काम तालावर चालतं. मशीनचा लोखंडी पाट उघडला की कापलेली शीट काढायची, नवी ठेवायची, हात बाहेर. मनात भीती असली की ताल तुटतो, हात अर्ध्यात थबकतो, आणि पाट काही कुणासाठी थबकत नाही. तेव्हा उद्याच सुपरवायझरना सांग, पंधरा दिवस मला स्टिचिंगला, म्हणजे बॉक्सला पिना मारायला टाका, नाहीतर रोटरी मशीनच्या मागे माल उचलायला टाका. कारण विचारलं तर खरं कारण सांग. पंधरा दिवस हेल्परचं काम केल्याने तुझ्या हातातलं कसब कुठे जात नाही.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मिठाईचा किंवा पिझ्झाचा बॉक्स घे. त्याला खाचा असतात, कान असतात, झाकणाच्या जिभा असतात. तो आकार कापायला लाकडी फळीत पोलादी पाती बसवून डाय बनवतात. डाय एका उभ्या लोखंडी पाटावर चढवतात आणि समोरचा दुसरा पाट पुस्तक मिटावं तसा येऊन तिच्यावर दाबला जातो. दाब कित्येक टनांचा. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा पाट मिटतो धरलं, तर जेवण आणि चहा वजा करूनही एका पाळीत सात हजारांच्या आसपास वेळा ऑपरेटरचा हात त्या दोन पाटांच्या मधे जाऊन बाहेर येतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरतच राहतं, म्हणून नुसतं बटण दाबून भागत नाही. यासाठीच पाटाच्या कडेला एक हलती पट्टी दिलेली असते. हात आत राहिला तर पट्टी ढकलली जाते, स्विच पडतो, क्लच सुटतो, ब्रेक लागतो. सात हजारांतली एखादी चूक माणसाकडून होणारच हे धरूनच मशीन बनवणाऱ्याने ती पट्टी लावलेली असते. ‘लक्ष देऊन काम कर’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घेतलेलं नसतं.

आता माझं सांगतो. या धंद्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीच सुपरवायझर म्हणून. एका ठिकाणी माझ्या पाळीत एका पंचिंग मशीनची पट्टी अशीच बांधलेली होती. मी बांधली नव्हती. मी रुजू झालो तेव्हा ती बांधलेलीच होती आणि मी ती तशीच राहू दिली. दोन वर्षं काही झालं नाही. काही होत नाही म्हणून ती तार कुणाला दिसेनाशी झाली, मलाही. तिसऱ्या वर्षी रात्रपाळीला, पहाटे साडेचारच्या सुमाराला एका मुलाची तीन बोटं गेली. शीट जरा तिरकी बसली होती आणि ती सरळ करायला त्याने हात परत आत घातला, एवढंच. ती शीट फार तर सात-आठ रुपयांची असेल. त्याला दवाखान्यात पोचवून मी परत आलो आणि पक्कड घेऊन ती तार तोडली. तोडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ते अर्धं मिनिट मला दोन वर्षांत कधी मिळालं नव्हतं, याचा हिशोब मी अजून करतो आहे.

म्हणून तुझ्या सुपरवायझरचा मला राग येत नाही. काही होत नाही असं तो म्हणतो ते त्याच्या पाहण्यातलं आहे, बहुतेक दिवस खरंच काही होत नाही. पण तुमच्याकडे आता झालेलं आहे. एक माणूस दोन बोटं गमावून घरी बसला आणि शेजारच्या मशीनची तार अजून जागेवर आहे, हे मात्र मला सोसत नाही.

त्याला नुसतं ‘तार काढा’ म्हणालास तर तो म्हणेल, मग ट्रिपिंगचं काय? तेव्हा ट्रिपिंगचं काय ते आधी तू शोध. तीन वर्षं हेल्परकी केलीस, तुला सगळ्या मशीनवरचं काम माहीत आहे. स्विच उगाच पडत नाही. कधी त्याच्या बुडाशी कागदाची भुकटी साचून घट्ट गोळा झालेला असतो. कधी पट्टीची स्प्रिंग सैल पडलेली असते, किंवा मशीनच्या हादऱ्यांनी स्विचचा बोल्ट हललेला असतो. ही कामं मेंटेनन्सच्या माणसाला तासाभराची आहेत. पण माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा दोष पंचिंगवर नसतोच. तो मागून चालत आलेला असतो. शीट वाकलेली असते, तिचा उचललेला कोपरा पट्टीला लागतो आणि मशीन थांबतं.

शीट का वाकते हे शोधत मागे जा. कागद हवेतलं पाणी पितो. मिलमधून येताना क्राफ्टमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तपकिरी कागदात, साधारण सात-आठ टक्के ओलावा असतो. मग पावसाळ्यात कागदाचे रील (मोठे गुंडाळे) शेडच्या तोंडाशी, फरशीवर उभे ठेवले की बाहेरचे वेढे ओले होतात आणि आतले कोरडे राहतात. वरचा लाइनर, म्हणजे शीटचा बाहेरचा सपाट कागद, एका रीलचा आणि खालचा दुसऱ्या रीलचा. सुकताना एक जास्त आकसतो, एक कमी, आणि शीट पापडासारखी वळते. खळ पातळ केलेली असेल तर तिच्यातलं जादा पाणीही बोर्डातच जिरतं. पेस्टिंगवरून, म्हणजे कागदाचे थर चिकटवतात तिथून, निघालेली शीट थप्पी लावून, वर वजन ठेवून नीट सुकू द्यायची असते. पण गाडी दारात उभी असते, डिस्पॅचवाला डोक्यावर उभा असतो, आणि सकाळची ओली शीट दुपारीच पंचिंगवर येते. ती वाकडी असते, मऊ असते, खाचेत नीट बसत नाही. मग ती सरळ करायला ऑपरेटरचा हात आत जातो आणि त्याच वेळी पट्टी बांधलेली असते. तुझ्या मित्राची बोटं पंचिंगवर गेली, पण त्या अपघाताची सुरुवात कदाचित पेस्टिंगवर किंवा रील ठेवायच्या जागेवर झाली असेल.

डायसुद्धा बघून घे. पात्यांच्या बाजूने लावलेला स्पंज किंवा रबर शीटला बाहेर ढकलतो. तो झिजून चपटा झाला की शीट डायला चिकटून बसते आणि ती सोडवायला हात आत जातो. पाती बोथट झाली की कातरण नीट सुटत नाही, तेही बोटानेच काढलं जातं. मी नवीन ऑपरेटरला विचारायचो, पाळीत तुझा हात शीट ठेवण्याशिवाय दुसऱ्या कुठल्या कारणाने किती वेळा आत गेला? ते कारण सापडलं की अपघाताची जागा सापडते. आणि एक सवय आजपासून लाव. तिरकी बसलेली शीट तिरकीच कापली जाऊ दे. वाया गेली तर गेली.

एक वही कर. मशीन कधी थांबलं, कशामुळे थांबलं, किती मिनिटं गेली, एवढंच लिहायचं. तार बांधलेल्या मशीनवर ट्रिपची नोंद कशी करणार, असं विचारशील. मशीन चालवणारा कुणी असो, चिकटलेली शीट, वाकडी शीट, न सुटलेलं कातरण यांची नोंद तर होते. सहा दिवसांची वही घेऊन सुपरवायझरकडे जा आणि जमलं तर प्रॉडक्शन मॅनेजर असताना जा. ‘साहेब, रोज चाळीस मिनिटं ओल्या मालापायी जातात, तीस शीट वाया जातात, आणि स्विच नीट करायला मेंटेनन्सला एक तास द्या,’ असं आकड्यांत बोल. कारखान्यात भीतीची भाषा कुणी ऐकून घेत नाही, वाया गेलेल्या मालाची सगळे ऐकतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण तुला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. त्यानंतर एक साधा अर्ज लिही, तारीख घाल, आणि त्याची पोच सही घेऊन स्वतःकडे ठेव. सही दिली नाही तर अर्जाचा फोटो ठेकेदाराच्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठव, तारीख आपोआप पडते.

आणि ती तार तू स्वतःच्या हाताने कधीही बांधायची नाहीस, कुणीही सांगितलं तरी. मशीन चालू असताना तिचं संरक्षण जागेवर असलं पाहिजे, हे १९४८च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेलं आहे. ती मालकाची जबाबदारी आहे. पण कामगारानेही सुरक्षेच्या साधनाशी जाणूनबुजून छेडछाड करायची नाही, असंही त्याच कायद्यात होतं, आणि नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे. ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही त्यांना भरपाई मागावी लागायची ती १९२३च्या कायद्याखाली, नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कामगाराने मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं असेल, तर मृत्यू किंवा कायमची पूर्ण अपंगता सोडून बाकीच्या जखमांची भरपाई नाकारायला जुन्या कायद्यात मालकाला वाट होती, संहितेतही आहे. दोन बोटं ही त्या बाकीच्या जखमांत येतात. उद्या कुणी ‘त्यानेच बांधली होती’ म्हणालं तर तुझ्या बाजूने काय असेल? तो पोच घेतलेला अर्ज असेल.

एवढं करूनही तार निघाली नाही, तर ‘या मशीनवर मी उभा राहणार नाही’ असं शांतपणे सांगायचं. पुण्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते आणि आपलं नाव उघड करू नये अशी विनंतीही त्यात लिहिता येते. तू ठेकेदाराच्या पटावर आहेस, म्हणून ‘उद्यापासून येऊ नको’ असं तुला ऐकावं लागू शकतं. हा धोका खरा आहे, तो मी लपवणार नाही. म्हणून तोंड उघडायच्या आधी दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि खानावळ बाजूला काढून ठेव. तळेगाव, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात ओळखीच्या ऑपरेटरांना फोन करून कुठे माणूस हवाय ते विचारून ठेव. डाय चढवता येते, पॅकिंग लावता येतं, क्रीझ (घडीची रेघ) फुटत असेल तर कशामुळे ते कळतं, अशा माणसाला बॉक्स प्लांटमध्ये फार दिवस बसून राहावं लागत नाही.

पगाराच्या कागदाकडे कधी नीट पाहिलंस का? पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. तुझ्या १६ हजारांतून त्याचे १२० रुपये कापले जायला हवेत आणि मालकाकडून ५२० भरले जायला हवेत. तुझा दहा आकडी विमा क्रमांक आणि पीएफचा बारा आकडी यूएएन तुझ्याकडे लिहून असायला हवा. कापतात पण भरत नाहीत, असंही चालतं, म्हणून उमंग ॲपवर जाऊन पीएफचं पासबुक स्वतः उघडून बघ. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. आणि आठ तासांनंतर थांबवतात का तुला? ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. दमलेल्या माणसाचा हात आत राहतो, माझ्या पाळीतल्या त्या मुलाची सलग दुसरी पाळी होती.

एक गोष्ट तुमच्या सगळ्या पोरांनी पाठ करून ठेवावी, कुणावरही वेळ येऊ शकते. बोट तुटलं तर आधी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेलं बोट शोधायचं. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पाण्यातही बुडवायचं नाही. हळद, कॉफी, ग्रीस काही लावायचं नाही. जिथे प्लास्टिक सर्जन आहे अशाच दवाखान्यात जायचं, आणि लवकर जायचं. माझ्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मुलाची बोटं आम्ही कातरणाच्या ढिगात शोधलीसुद्धा नाहीत.

आता द्रोण-पत्रावळीकडे येतो. गावाकडे जायची तुझी ओढ मला कळते. पण माझा सल्ला स्पष्ट आहे. शेत गहाण ठेवून हे मशीन घेऊ नकोस, आणि ‘तयार माल आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नको.

आपल्या राज्यात २०१८ला थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२पासून देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तू बंद झाल्या. कागदी ताटल्या-द्रोणांची मागणी वाढली हे खरंच आहे. पण मशीन विकणारेही तितकेच वाढले. माल परत घेण्याचा वायदा करणाऱ्याचा धंदा बऱ्याचदा ताटल्यांचा नसतो, मशीन विकण्याचा असतो. पहिले दोन लॉट तो घेतो, पैसेही देतो. मग ‘कडा नीट नाही’, ‘जीएसएम कमी आहे’, म्हणजे कागद हलका आहे, म्हणून माल परत येतो. कागद त्याच्याकडूनच, त्याच्याच भावाने घ्यायचा असतो. शेवटी फोन लागत नाही, आणि शेडमध्ये मशीन, ताटल्यांची पोती आणि बँकेचा हप्ता एवढं उरतं. मी अशी दोन घरं जवळून पाहिली आहेत. सगळेच विक्रेते असे असतात असं म्हणत नाही. पण जो तुला बाजार शोधायची गरजच नाही म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा.

तुला मशीन कळतं, त्यामुळे त्यांच्या आकड्यांची परीक्षा तूच घेऊ शकतोस. ते मिनिटाला किती नग सांगतात? त्यातून कागद अडकणं, डाय तापेपर्यंतचा वेळ, लाइट जाणं हे सगळं वजा कर. तुमच्या गावात भारनियमन किती तास असतं ते वडिलांना विचार. नगामागे सगळा खर्च जाऊन दहा पैसे सुटले असं धर. दहा हजार नग विकले तर हजार रुपये. ‘बनवले तर’ नाही, ‘विकले तर’. सेनगाव, वसमत, कळमनुरी, जिथे तुझं जवळ असेल तिथल्या आठवडी बाजारात जा, भांड्यांच्या आणि किराणाच्या दहा दुकानांत विचार की सध्या माल कुठून येतो, काय भावाने येतो आणि उधारी किती दिवसांची आहे. लग्नसराईत विचारलंस तर एक उत्तर मिळेल, श्रावणात वेगळं मिळेल. पावसाळ्यात कागद कुठे ठेवणार याचाही विचार कर, ओल्या कागदाने काय होतं ते तुला मी सांगायला नको.

हे सगळं करूनही धंदा करावासा वाटला, तर घाई न करता वर्षभराने कर. आधी चार-सहा महिने तयार माल घाऊक घेऊन वीकएंडला नाही तर भावाकरवी गावाकडच्या दुकानांना विकून बघ. विकता आलं तर मशीनचा विचार. तेव्हा शेताऐवजी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन रोजगार निर्मितीच्या योजनांची चौकशी कर. एवढं लक्षात ठेव की त्यातलं अनुदान हातात मिळत नाही, ते बँकेत तीन वर्षं अडकलेलं असतं, आणि कर्जाचा हप्ता मात्र भरावाच लागतो. वडील शेत गहाण ठेवायला तयार आहेत कारण तू त्यांना मशीनबद्दल सांगितलंस आणि भीतीबद्दल सांगितलं नाहीस. त्यांना खरं कारण कळलं तर ते काय म्हणतील, हे त्यांना एकदा ठरवू दे. या रविवारी फोन कर.

नोकरी सोडू का, हा तुझा प्रश्न आहे. ही कंपनी कदाचित सोडावी लागेल. हे काम सोडू नकोस असं मला वाटतं, आणि ते तुझ्या हातातल्या कसबामुळे वाटतं. तू आठ महिन्यांत पंचिंगवर उभा राहिलास. पुढची पायरी बोर्ड समजून घ्यायची आहे. तुमच्याकडे बर्स्टिंगचं, म्हणजे कागद किती दाबाला फुटतो ते मोजणारं, मशीन असेल, दुपारच्या सुट्टीत क्वालिटीवाल्याकडे बस. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, हे तुला माहीत असेलच. बर्स्ट फॅक्टर (बीएफ) काढायचा हिशोब शिकून घे. १५० जीएसएमचा, २० बीएफचा कागद म्हणजे २० गुणिले १५० भागिले १०००, तो चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाबाला फुटेल. रीलवर लिहिलेलं एक आणि मशीनवर आलेलं दुसरं असं ज्याला पकडता येतं, त्याला लाइन सांभाळायला देतात. बी फ्लूट (मधल्या कागदाची नागमोडी) कुठे, सी कुठे, तीन प्लाय म्हणजे तीन थर कुठे पुरतो आणि पाच कुठे लागतो, खळ किती दाट हवी, हे ज्याला कळतं तो मग फक्त शीट टाकत बसत नाही. मुंबईत १९६६पासून भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, तिथे काम करता करता करायचे अभ्यासक्रमही असतात. फी आणि पात्रता फोन करून विचार. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस, तिथे जे शिकवतात त्यातलं निम्मं तू हाताने केलेलं आहेस.

नवी जागा बघायला गेलास तर पगार विचारायच्या आधी शॉपवर एक चक्कर मारू द्या म्हण. पंचिंगची पट्टी हाताने ढकलून बघ, मशीन थांबतं का. सिंगल फेसरच्या, म्हणजे कागदाला नागमोडी पाडणाऱ्या मशीनच्या, रोलांपुढे जाळी आहे का. ते रोल वाफेवर तापलेले असतात आणि आत ओढणारे असतात, तिथे सैल बाही किंवा गळ्यातला रुमाल घेऊन कुणी उभं आहे का ते बघ. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानातले प्लग मागून घे, ऐकू येणं कमी झालेलं आपल्याला फार उशिरा कळतं. खालच्या कातरणाच्या ढिगावर आणि दिव्यांवरच्या भुकटीवरही नजर टाक. ज्या प्लांटमध्ये भुकटी झाडली जाते, तिथे आग लागायची भीती कमी असते आणि बाकीच्या गोष्टीही बहुतेक नीट असतात.

शेवटी तुझा मित्र. पत्रात तू त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस. त्याला भेटायला जा. दवाखान्यात भरती करताना अपघात कुठे झाला म्हणून लिहिलं गेलं ते त्याला विचार. ‘घरी पडलो असं सांग, खर्चाचं आम्ही बघतो’ असं सांगून कागद बदलून घेतात, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलेलं आहे. तसं झालं असेल तर दहा-वीस हजार हातात देऊन विषय मिटवला जातो आणि त्याचा हक्क मागायचं तिथेच राहून जातं. तो ईएसआयमध्ये असेल, तर कामावर जाता येत नाही तोवर त्याला पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळायला हवेत, आणि कामावर रुजू होऊन एकच दिवस झाला असता तरी मिळाले असते. बोटं कायमची गेली, तर वैद्यकीय मंडळ त्याची कमाईची ताकद किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे त्याला आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. त्यासाठी कंपनीने अपघाताचा अहवाल पाठवलेला असावा लागतो. तो पाठवला आहे का, हे त्याने ईएसआयच्या शाखा कार्यालयात विमा क्रमांक घेऊन विचारायचं. त्या वेळी मशीनवर आणखी कोण होतं त्यांची नावं आताच लिहून ठेवा, लोक गावाला जातात, नोकऱ्या बदलतात.

त्याच्या डिस्चार्ज कार्डावर अपघाताचं कारण काय लिहिलंय, ते बघून मला कळव. पुढचं पत्र त्याच्यासाठी लिहीन.

तुझा,
काका